यकृताची क्षमा

शरीराने परक्याला सहन करावे की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा असला तरी तो मांडताना वैद्यकाने शब्द घेतला आहे तो नीतीचा. संरक्षक पेशींनी एखाद्या पदार्थावर हल्ला न करणे, या अवस्थेला प्रतिकारशास्त्रात 'सहिष्णुता' म्हणतात, आणि ती संपादन करता येते हे दाखविल्याबद्दल मॅकफार्लेन बर्नेट व पीटर मेडावर यांना 1960 चे नोबेल मिळाले. 'स्व' आणि 'पर' यांतील भेद ओळखणे हेच प्रतिकारशक्तीचे मूळ कार्य, ही बर्नेट यांची मांडणी होती. दीर्घकालीन हेपॅटायटिस बी या आजारात हा भेदच धूसर होतो.

हेपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, पण सहसा तिला स्वतः मारत नाही. मारतात त्या शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे संसर्ग झालेली पेशी हेरून नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशी. कावीळ आणि पुढे यकृतात व्रण साठत जाऊन होणारा सिरोसिस ही बऱ्याच अंशी आपल्याच संरक्षणाची किंमत असते, आणि ती मर्यादेत ठेवण्यासाठी शरीराजवळ दमन करणाऱ्या पेशी आहेत. त्यांपैकी नियामक टी-पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये ओळखल्या व त्या कामासाठी ते 2025 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. दुसऱ्या, अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या मायलॉइड वंशाच्या पेशी आर्जिनेज या विकराने आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवून टी-पेशींना उपाशी ठेवतात. युद्धात शत्रूची रसद तोडावी, येथे स्वतःच्याच फौजेची तोडली जाते. ज्या रुग्णांत विषाणू भरपूर असूनही यकृताची हानी थोडी असते, त्यांच्या रक्तात या दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढलेल्या आढळल्या आहेत. आतड्यातून येणारे अन्नाचे असंख्य परके अंश रोज पचवून घेणारे यकृत मुळातच सोशिक आहे.

सोसावे कधी आणि उग्र व्हावे कधी, हा प्रश्न जुनाच आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला जो बळी-प्रल्हाद संवाद सांगते, त्यात नित्य तेज श्रेयस्कर की नित्य क्षमा, असे बळी विचारतो आणि दोन्हींपैकी काहीच नित्य श्रेयस्कर नाही, असे प्रल्हाद सांगतो: सदा क्षमा करणाऱ्याला सेवकही जुमानत नाहीत, सदा उग्र असणाऱ्याचे शत्रू वाढतात, म्हणून देशकाल पाहावा आणि नकळत घडलेला अपराध सोडून द्यावा. हे उत्तर शहाणपणाचे आहे. मात्र त्यात अपराधी क्षमा करणाऱ्याहून वेगळा उभा आहे आणि क्षमा करणारा तोलून पाहू शकतो, अशी दोन गृहीतके आहेत. यकृतात दोन्ही ढासळतात. विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात बंद वर्तुळासारखा टिकून राहतो, त्याचे काही तुकडे तर माणसाच्या गुणसूत्रांत विणले जातात, आणि त्याला दंड करणे म्हणजे तो ज्या घरात बसला आहे ते घरच जाळणे. एक जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा घात करणाऱ्या वैद्यकावर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेच्या विवेचनात आक्षेप आहे. येथे मारणारा, मरणारा आणि वाचणारा एकाच देहात आहेत, एवढाच फरक.

आणि तोलणारा कोण? जन्मवेळी संसर्ग झालेल्या, लस न मिळालेल्या अर्भकांपैकी सुमारे 90 टक्क्यांत तो कायमचा राहतो, प्रौढांत 5 टक्क्यांहून कमी जणांत. अर्भकाच्या शरीराने काही निवडले, असे म्हणता येत नाही. जो वेगळे वागू शकला असता त्याच्याच न लढण्याला क्षमा म्हणावे, हा निकष लावला तर पेशीच्या वाट्याला हा शब्द येत नाही. तरीही परिणामांचा न्याय करता येतो, कारण ज्या संयमाने तारुण्यात यकृत वाचते त्याच संयमाच्या आडोशाने विषाणू टिकतो आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. नियामक पेशी बाजूला काढल्यास विषाणूविरोधी टी-पेशींचा प्रतिसाद वाढतो, हे रुग्णांच्या रक्तावरील प्रयोगांत दिसले आहे. पण जिवंत यकृतात तसे करणे म्हणजे आग मोकळी सोडण्याचा धोका पत्करणे होय.

जे बरे झाले असे मानले जाते, त्यांतही रिटुक्सिमॅबसारख्या, प्रतिकार दाबणाऱ्या औषधानंतर जुना संसर्ग पुन्हा जागा होऊ शकतो. म्हणजे त्यांच्या यकृतातील शांतता हा अखंड पहारा होता. म्हणून संसर्गाआधीचा उपाय मोलाचा: जन्मल्यापासून 24 तासांच्या आत द्यावयाच्या लसीत विषाणूच्या आवरणातील केवळ एक प्रथिन असते, आणि विषाणू घरात बिऱ्हाड करण्यापूर्वी त्याची ओळख शरीराला करून देणे एवढेच तिचे काम असते.