डोळे मिटून बसणे हा स्वार्थ आहे का?

शंका : इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून आलो. मन बरेच शांत झाले. पुढे कार्तिकीला पंढरपूरला गेलो. चंद्रभागेच्या वाळवंटात भिकाऱ्यांची रांग होती. एका बाईच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल होते. मी पाच रुपये टाकून पुढे निघालो. तेवढ्यात एका भटजींनी गाठले आणि पितरांसाठी गोप्रदान करायला लावून एक हजार एक रुपये घेतले. तेव्हापासून पहाटे ध्यानाला बसलो की ती बाई डोळ्यांपुढे येते. देशात एवढे दारिद्र्य असताना डोळे मिटून बसणे हा स्वार्थ तर नव्हे? आणि भिकाऱ्याला पैसे द्यावेत की देऊ नयेत?
— एक वाचक, मिरज

समाधान : ती बाई डोळ्यांपुढे येते म्हणून ध्यान बिघडले असे समजू नका. तिला हाकलूही नका. त्या शिबिरात नऊ दिवस मौन पाळल्यावर दहाव्या दिवशी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतणे, शिकवतात, ती कशासाठी? आणखी एक आठवण करून देतो. तिथे फी घेत नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर सगळे चालते. म्हणजे दहा दिवस तुम्हीही दुसऱ्याच्याच अन्नावर होता. फक्त तुम्हाला कोणी ‘पुढे हो’ म्हटले नाही.

भटजींचा उल्लेख तुम्ही ओझरता केलात, मला मात्र तोच जास्त टोचला. आजारी पोराच्या आईला पाच आणि गोप्रदानाला एक हजार एक! हा हिशेब तुमच्या पितरांना तरी पटला असता का? गाय नाही, वासरू नाही. गोत्र विचारायचे, नारळावर नोट ठेवायला लावायची, पळीभर पाणी सोडायचे, की ‘निष्क्रय’, म्हणजे गायीऐवजी पैसे, झाला आणि पुढचा यजमान पाटावर. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण मेलेल्या आईबापांची भीती घालून पैसे काढणे याला मी धर्म म्हणणार नाही.

पंढरपुरातच पाहा. देवापुढच्या उत्पन्नावर बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. ते काढून घेणारा कायदा १९७३ साली झाला. कोर्टकचेऱ्या संपून सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला जानेवारी २०१४ उजाडला. देवळातले हक्क कायद्याने गेले. वाळवंटातली दुकानदारी मात्र यजमानाने खिशात हात घालायचे थांबवल्याशिवाय जायची नाही, आणि यजमान तुम्ही आहात.

आता भिकेचे. या बाबतीत मी गाडगेबाबांना मानतो. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, मग भाकरी मागायची, ही त्यांची रीत. पंढरीत अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. धर्मशाळेसाठी लोकांपुढे हात पसरायला त्यांना कधी लाज वाटली नाही. धडधाकट माणसाच्या हातावर नाणे टेकवून पुण्य मिळते, हे त्यांना मान्य झाले नसते. तापलेल्या पोराला तर नाण्याचा काही उपयोग नव्हता. यात्रेत सरकारी दवाखान्याचे तंबू असतात. मायलेकरांना तिथवर नेऊन सोडायला तुमची अर्धी घटका गेली असती.

आपल्या राज्यात १९५९च्या कायद्याने भीक मागणे हा गुन्हा आहे. पोलीस गाडीत घालून नेतात. पण गावात काम नाही, जमीन नाही, नवरा टाकून गेला आहे, ही कारणे त्या गाडीत बसत नाहीत. ती शोधायची कोणालाच घाई नाही, कारण सुटे पैसे टाकून सुटण्याची वाट आपण सगळ्यांनी मोकळी ठेवली आहे.

गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाच्या गरीब रुग्णांची सोय होते. मिरज तर दवाखान्यांचेच गाव. बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक तिथे दाराबाहेर चटई टाकून पडलेले असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटेची बैठक सोडू नका. ती आटोपली की आठवड्यातून एकदा तरी चारसहा माणसांचा डबा घेऊन तिकडे जा. कोणाला केसपेपर काढून द्या, कोणाला औषधाची चिठ्ठी वाचून दाखवा. आणि पुढच्या कार्तिकीला गोप्रदान करू नका.