भोजनसमय

शास्त्रपाठ : रूथ २:१४-१९



रूथच्या पुस्तकातील एका प्रसंगावरून आपण बहुधा घाईने पुढे जातो. सरवा वेचण्याची कथा आपल्याला पाठ असते, खळ्यावरील रात्र आठवते. पण या दोहोंच्या मध्ये जे जेवण झाले त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बेथलेहेमच्या शेतात कापणी चालली आहे. ऊन चढले आहे. जेवणाची वेळ होते, तेव्हा शेताचा धनी बवाज त्या परदेशी विधवेला जवळ बोलावितो, कापणाऱ्यांच्या पंक्तीला बसवितो आणि हुरडा तिच्यापुढे करतो. ती पोटभर जेवते आणि थोडे उरविते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रूथ ही बवाजाची मजूर नव्हती. तिचा रोज ठरलेला नव्हता, मुकादमाच्या हिशेबात तिचे नाव नव्हते. जितके वेचील तितके तिचे. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेला सरवा गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा, अशी आज्ञा लेवीय १९ मध्ये आहे. पण वेचणारीला दुपारी जेवू घालावे अशी आज्ञा तेथे नाही. बवाजाने तिला पाहिलेच नसते, तरी कोणी त्याला दोष दिला नसता.

हे वचन मला नव्याने वाचावयास लागले ते दिल्लीत, सरोजिनी नगरात. जुने लोक या वस्तीला अजून विनय नगर म्हणतात. सोमवार सोडून येथील बाजारात कपड्यांच्या ढिगांभोवती पाय ठेवावयास जागा नसते. जून महिन्यातील एका रविवारी उपासना आटोपून मी तेथे एका कुटुंबाकडे गेलो होतो. उन्हात स्वयंपाक कोण करणार, म्हणून यजमानांनी फोनवरून जेवण मागविले. पाऊण तासाने एक तरुण पाठीवर मोठी चौकोनी थैली घेऊन जिने चढून आला आणि त्याने पाणी मागितले. मी सहज विचारले, “खाना खाया?” तो हसला. म्हणाला, “अंकल, जब सब खाते हैं, तभी तो हमारा काम होता है.”

त्याने फार साधी गोष्ट सांगितली. दुपारी बारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा हे त्याच्या कमाईचे तास. त्या तासांत ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या तर वरचे पैसे मिळतात. मध्येच फोन बंद करून जेवावयास बसले तर ते बुडतात. जेवू नकोस असे त्याला कोणी सांगितलेले नाही. जेवण्याची किंमत मात्र त्याच्या नावावर मांडून ठेवलेली आहे.

आता त्याच बाजाराच्या तोंडाशी भर दुपारी तीन माणसे उभी आहेत असे समजा. पहिला दुकानातील विक्रेता. दिल्लीच्या १९५४ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरविले की पाच तासांहून अधिक काम होण्यापूर्वी नोकराला विश्रांती व भोजन यांसाठी निदान अर्धा तास मिळावा. दुसरा वाहतूक कंपनीच्या टेम्पोचा चालक. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यात अशीच पाच तासांची व अर्ध्या तासाची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. तिसरा आपला थैलीवाला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेने त्याची दखल घेतली, विमा व म्हातारपण यांचा विचार केला, हे चांगलेच झाले. पण तो कोणाचा नोकर नाही, तो ‘भागीदार’ आहे. म्हणून दुपारचा अर्धा तास त्याला देणे कोणाकडेच लागत नाही. मे २०२४ मधील भयंकर उष्म्यात दिल्लीच्या उपराज्यपालांनी बांधकामावरील मजुरांना बारा ते तीन पगारी विश्रांती देण्यास सांगितले. त्याच तीन तासांत थैलीवाल्याच्या फेऱ्या सर्वांत अधिक.

आणि ज्यांच्यासाठी नियम आहे त्यांचे तरी काय? गिऱ्हाईक दाटले की विक्रेता गठ्ठ्यामागे उभ्यानेच दोन घास खातो. टेम्पोचा चालक एका हाताने चाक धरून समोसा खातो. तपासावयास कोण येणार? युरोपात मालाची मोठी वाहने चालविणाऱ्याला साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते, आणि तो थांबला की नाही हे गाडीतील यंत्र नोंदविते. आपल्याकडेही यंत्र आहे. ते त्याला किती उशीर झाला एवढेच नोंदविते.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये अशी आज्ञा आहे. याच अध्यायात थोडे पुढे सांगितले आहे की थैलीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत. या दोन आज्ञा इतक्या जवळ का आल्या हे मला पूर्वी कळत नसे. भूक एकच असून ती मोजण्याची वजने तीन, हे सरोजिनी नगरात पाहिल्यावर थोडे कळले.

आपल्या महाराष्ट्राला तर हा अर्धा तास परका नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांना एकत्र केले आणि साडेपाच हजार कामगारांच्या नावाने मागण्या मांडल्या. आठवड्यास एक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यांतील दोन. १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्यात दुपारचा अर्धा तास आला. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रविवार पाळणाऱ्यांच्या राज्यात गिरणीकामगाराला रविवार नव्हता आणि तो मिळविला ख्रिस्ती नसलेल्या माणसाने, हे आपण नम्रतेने मान्य केले पाहिजे.

कोणी लूकच्या सतराव्या अध्यायाकडे बोट दाखवील. शेतातून आलेल्या दासाला, आधी तू जेवावयास बस, असे कोणता धनी म्हणतो, असे प्रभूनेच विचारले ना? विचारले. पण तेथे प्रभू शिष्यांच्या अभिमानाविषयी बोलत आहे. ते वचन आपण स्वतःला लावावे, दुसऱ्याच्या रिकाम्या पोटाला नव्हे. आणि त्याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात धनी कंबर बांधतो, दासांना जेवावयास बसवितो व स्वतः त्यांना वाढतो. आपण ज्याच्या मेजाभोवती जमतो तो धनी हा आहे.

मग आपण काय करतो? आशीर्वाद घेऊन मंदिराबाहेर पडतो आणि पायरीवरच जेवण मागवितो. फोनच्या नकाशावर तो माणूस कोठे पोचला हे पाहत बसतो. दहा मिनिटे उशीर झाला तर एक तारा कमी देतो. तो तारा त्याच्या पोटातून जातो, हे कोणाला ठाऊक असते? मंदिराच्या फाटकाशी तो सावलीला टेकला तर चौकीदार त्याला उठवितो, आणि त्या चौकीदाराला तसे सांगणारे आपणच असतो. बवाजाने केवळ हुरडा दिला नाही. जेवण झाल्यावर त्याने आपल्या गड्यांना बजाविले की हिला लाजवू नका, धमकावू नका. आपल्या मंडळ्यांना आवार आहे, व्हरांडा आहे, नळ आहे. तेथे दुपारी अर्धा तास बसण्यास कोणाची परवानगी हवी, हे पंचांनी एकदा बसून ठरवावे. आपल्यातील जे दुकानदार आहेत, ज्यांच्या पदरी टेम्पो व चालक आहेत, त्यांना तर १९५४ किंवा १९६१ सांगण्याचीही गरज पडू नये.

मीही त्या दिवशी बवाज झालो नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. सकाळी उपासनेत मी याच अध्यायावर बोललो होतो. त्या तरुणाला मी पाणी दिले. बस म्हणालो नाही. आमचे जेवण निवत होते.

रूथ त्या संध्याकाळी घरी गेली, उरविलेले तिने नामीपुढे ठेवले, आणि आज तू कोठे वेचलेस, असे सासूने तिला विचारले. आमच्या दारात तो तरुण पाणी पीत असताना त्याचा फोन वाजला. गावाहून आई बोलत होती. तिने काय विचारले ते मला ऐकू आले नाही. रिकामा पेला माझ्या हाती देत तो म्हणाला, “हाँ माँ, खा लिया,” आणि जिना उतरू लागला.