आधी ‘कठीण आहे’ म्हणा

आजचे चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ३५



मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरत नाही, अशी तक्रार अर्जुन करतो. त्यावर भगवंत ‘त्यात काय एवढं!’ असं म्हणत नाहीत. आधी मान्य करतात, की मन आवरणं कठीणच. मग उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

आज हा श्लोक घेतला तो माझ्या नणंदेमुळे. तिच्या मेंदूवर पाण्याची गाठ होती, डॉक्टरांच्या भाषेत अरॅक्नॉइड सिस्ट. अशा बऱ्याच गाठी कधीच त्रास देत नाहीत, त्यांना हातही लावत नाहीत. हिच्या गाठीचा मात्र दाब येत होता. दुर्बिणीने त्या पाण्याला वाट करून दिली, त्याला दहा आठवडे झाले. कॅन्सर नाही म्हटल्यावर घरात पेढे वाटले, आणि तिथूनच तिची पंचाईत सुरू झाली. डोकेदुखी कमी आहे, पण दुपारपर्यंत ती गळून जाते. दोघं एकदम बोलले की गोंधळते. येणारा-जाणारा विचारतो, ‘साधीच गाठ होती ना? मग अजून काय?’

अहो, गाठ साधी असली तरी शस्त्रक्रिया डोक्याची! टाके लवकर सुकतात, थकवा मात्र काही महिने राहू शकतो. स्कॅनमध्ये गाठीची जागा बरेचदा दिसतच राहते, तरी माणूस सुधारलेला असतो. म्हणून बरं होणं जगण्यात मोजावं : जिना चढता आला का, हिशेब जमला का, नातवाशी गप्पा मारता आल्या का.

इथे अभ्यास म्हणजे रोज थोडं चालणं, ठरल्या वेळी विश्रांती, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद न करणं. वैराग्य म्हणजे ‘पूर्वी मी किती करायचे’ ही तुलना सोडणं. उपचार सोडणं म्हणजे वैराग्य नव्हे. डोकेदुखी पुन्हा वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली, तर धीर धरत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि आपण घरच्यांनी? भगवंतांचा क्रम पाळावा. उपदेश नंतर. आधी शेजारी बसून एवढंच म्हणावं, ‘हो गं, कठीण आहे.’

श्रीकृष्णार्पणमस्तु.