स्मरणिकेतली एक ओळ

आजीच्या वर्षश्राद्धाला छोटीशी स्मरणिका काढायचं ठरलं. कच्चा मजकूर मी आत्याला वाचून दाखवत होते. 93 वर्षांचं आयुष्य, गळ्यातली तुळशीची माळ, न मोडलेल्या एकादश्या, आषाढीची वारी, स्वतःच्या लेकरांबरोबर दिराचीही पोरं वाढवणं, ‘सगळ्यांची माउली’. इथवर आत्या मान डोलावत होती.

“ही गोठ्यातल्या कपबशीची ओळ कशाला?”

“होती ना तिथे? शेतावरच्या मावशींसाठी वेगळी. आजी वरून चहा ओतायची.”

“तेव्हा घरोघरी तेच होतं.”

“घरोघरी वारी नव्हती, आत्या. पंढरपुरात नामदेव पायरीपाशी आली की आजी चोखोबांच्या समाधीपुढे डोकं टेकायची. आणि घरी चोखोबांच्याच जातीच्या बाईला गोठ्यात चहा?”

“1972च्या दुष्काळात आपल्या ताटातली भाकरी मोडून त्याच बाईच्या घरी पाठवणारीही आईच होती. तेही लिहिलंस का?”

“लिहिलंय. म्हणून तर कोडं सुटत नाही. 1947च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. आजी तेव्हा सतरा वर्षांची. वारकऱ्यांच्या घरात ही गोष्ट कानावर आलीच नसेल?”

“आली असेल. पण नव्या सुनेला मत कोण विचारत होतं? तू आज खटला भरतेस आणि ती उत्तर द्यायला नाही.”

हे खरंच होतं. मी दुसरी वाट धरली.

“मग पुढे तिनं ती कपबशी बंद केली, तेवढंच लिहू? मी कॉलेजात गेले तोवर ती दिसेनाशी झाली होती.”

“बंद केली कशावरून? फुटली असेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. तुला तिच्या तोंडी पश्चात्ताप घालायचाय. त्यापेक्षा ओळ खोडलेली बरी.”

आत्याचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण चरित्रं लिहिणाऱ्या भल्याभल्यांना ही शिस्त पाळता येत नाही.

“पण खोडणारे आपण कोण? मावशी अजून गावात आहेत. वर्षश्राद्धाला येतील, स्मरणिका त्यांच्याही हातात पडेल.”

“मग विचार त्यांना.”

“‘जाऊ द्या, देवमाणूस होत्या’ म्हणतील. आपल्या ओसरीवर उभं राहून दुसरं काय म्हणणार?”

“ओसरीवर कशाला बोलावतेस? तू जा त्यांच्या घरी.”

“आणि तिथेही ‘नका लिहू’ म्हणाल्या तर?”

“तर नाही लिहायचं. त्यांना ते चारचौघांत नको असेल. तो मान त्यांचा, आईचा नव्हे.” आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. “छापखान्याला आठवडाभर थांबायला सांग. आणि ते ‘सगळ्यांची माउली’ आहे ना, ते मात्र आत्ताच काढ.”