शरण येऊ न शकणारे जीव

श्वानांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडला आणि त्याचे रक्षण झाले, ही लीळा आपल्या पंथातील बालकांसही ठाऊक आहे. अभयदानाचा आदर्श म्हणून आपण ती सदैव स्मरतो. तिचे मनन करू लागले असता एक प्रश्न उपस्थित होतो. ससा धावू शकला, भयाने कापू शकला, आश्रयस्थान ओळखू शकला. ज्याला कंठ नाही, ज्याच्या मुखावर भय उमटत नाही, ज्याला शरण येणेच ठाऊक नाही, अशा जीवाविषयी आपले कर्तव्य काय?

हा प्रश्न थोड्याथोडक्या जीवांचा नव्हे. शास्त्रज्ञांनी आजवर नोंदविलेल्या प्राणिजातींपैकी शेकडा ९५ हून अधिक जाती पाठीचा कणा नसलेल्या आहेत. एकट्या कीटकांच्याच सुमारे १० लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. लिनियसने अठराव्या शतकात प्राण्यांचे सहा वर्ग केले, तेव्हा या अफाट सृष्टीस ‘कीटक’ आणि ‘कृमी’ असे दोनच वर्ग मिळाले. पुढे १७९३ साली पॅरिसच्या संग्रहालयात लामार्क यांच्याकडे याच दोन वर्गांचे अध्यापन आले. त्यांनी १८०१ साली या प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांची नवी मांडणी केली व ‘अपृष्ठवंशीय’ ही संज्ञा रूढ केली. ही संज्ञा अभाववाचक आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जे आपल्यापाशी आहे ते यांच्यापाशी नाही, एवढेच ती सांगते.

त्यांच्यापाशी काय आहे, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. आपली मज्जारज्जू पाठीत असते. कीटकाची चेतारज्जू पोटाच्या बाजूने जाते. तो नाकाने श्वास घेत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस सूक्ष्म श्वासरंध्रे असतात. अष्टभुज समुद्रप्राण्यास तीन हृदये असतात, रक्त निळसर असते, आणि त्याच्या चेतापेशींपैकी बहुतांश त्याच्या भुजांत असतात. गांडुळास डोळे नाहीत, कान नाहीत. डार्विन यांनी गांडुळांपुढे शिट्टी व पियानो वाजवून पाहिला. ती स्तब्ध राहिली. परंतु तीच कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजविताच कंपाने ती बिळात शिरली. ही हकीकत त्यांच्या १८८१ सालच्या ग्रंथात आहे. ऐकू न येणाऱ्या जीवालाही जगाची वार्ता पोचते. तिची वाट मात्र वेगळी असते.

येथे कोणी पूर्वपक्ष करील, की हे सर्व देहाचे यंत्र आहे; स्पर्श होताच अंग आखडणे म्हणजे दुःख नव्हे. आक्षेप विचारार्ह आहे. रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर बेलफास्ट येथील एलवुड व अपेल यांनी केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. शंखातील खेकड्यास विजेचा सौम्य धक्का दिला असता, नावडत्या शंखातील खेकडे तो शंख अधिक प्रमाणात सोडून गेले; आवडत्या शंखातील खेकडे तुलनेने टिकून राहिले. केवळ यंत्र असते, तर घराची पारख धक्क्याच्या आड आली नसती. ब्रिटनने २०२२ साली केलेल्या कायद्यात खेकडे, कोळंबी व अष्टभुज यांना संवेदनशील प्राणी म्हणून मान्यता दिली. उलट स्पंजासारख्या प्राण्यास चेतातंतूच नाहीत. म्हणजे सर्वांस सारखेच दुःख होते, असेही म्हणवत नाही.

मग निर्णय कसा करावा? जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे मानणाऱ्यांस येथे अडखळण्याचे कारण नाही. कणा, हृदय, चेतातंतू ही सर्व प्रपंचाची रचना होय. जीव तिच्याहून निराळा आहे. तेव्हा देहाच्या ठेवणीवरून जीवाचे मोल ठरविणे आपल्या विचारास धरून नाही. दुःखाविषयी जेथे संशय आहे, तेथे संशयाचा लाभ दुर्बळास द्यावा. चूक झालीच तर एका पक्षी आपली थोडी गैरसोय होते. दुसऱ्या पक्षी एका जीवाचा घात होतो. या दोन चुका सारख्या नाहीत.

यावर दुसरा आक्षेप असा, की मग चालणे, पेरणे, जगणेच अशक्य होईल. हे सत्य आहे, की मूठभर मातीतही असंख्य सूक्ष्म कृमी असतात व नांगरास त्यांना चुकविता येत नाही. परंतु जे टळत नाही त्याच्या आडोशाने जे टळते तेही करीत राहणे, ही आत्मवंचना होय. कापूस पिकविणाऱ्या वासनिकाचेच उदाहरण घेऊ. शेंदरी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावावेत आणि प्रत्येक सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडू लागले म्हणजे उपाय योजावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारणे आणि ही मर्यादा पाहून फवारणे, यांत मधमाशी व ढालकिडा यांच्या प्राणांचे अंतर आहे. लेकरांच्या पोटासाठी नाइलाजाने केलेली गोष्ट वेगळी. आळसाने केलेली वेगळी. रेशमाचा धागा अखंड राहावा म्हणून कोशातील जीवास उष्णतेने मारतात, आणि एका साडीस असे हजारो कोश लागतात. पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशाचेही सूत निघते, मात्र त्यास तितकी झळाळी नसते. एवढ्या झळाळीसाठी हजारो जीव द्यावेत काय, हे नेसणाऱ्याने स्वतःस विचारावे.

ससा चालत आश्रयास आला. अळी, गांडूळ, कोशातील किडा येणार नाहीत. आला तरी त्यांचा आकांत आपणांस ऐकू येणार नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत पाऊल आपणच उचलले पाहिजे. भिक्षूने वाट पाहून चालावे, गृहस्थाने पाणी गाळून गाळण्यातील जीव पुन्हा पाण्यातच सोडावेत, शेतकऱ्याने औषध हाती घेण्यापूर्वी सापळा पाहावा. याचना करणाऱ्यास अभय देणे सोपे आहे. याचनाही न जाणणाऱ्यास ते देताना आपल्या दयेची खरी परीक्षा होते.