वजनाचे ऋण

नवी मोटार घेतली की आपली माणसे ती चर्चच्या आवारात आणतात. आम्ही प्रार्थना करतो, पवित्र पाणी शिंपडतो आणि आत बसणाऱ्यांच्या सुखरूप प्रवासासाठी आशीर्वाद मागतो. मात्र परवा सावर्डे येथे मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला उभे असताना एक प्रश्न मनाला टोचून गेला: बाहेर चालणाऱ्यांसाठी आम्ही कधी काय मागितले?

सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे सावर्ड्यात विद्यार्थ्यांची सतत वर्दळ असते. पाठीवर दप्तर घेतलेली मुले, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, आईला मागे बसवून दुचाकी चालविणारा तरुण. आणि त्यांना वाऱ्याचा झोत देत जाणारे मालाने लादलेले ट्रक. मधूनच एखादी अजस्र खासगी मोटार, आत एकटाच माणूस. रस्ता सर्वांचा, असे आपण म्हणतो. पण चुकीची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. वेग तोच असला तरी वजन दुप्पट झाले की आघाताची ऊर्जा दुप्पट होते, आणि धडकेत हलक्याच्या वाट्याला अधिक इजा येते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी शंभरांत सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते, तर १९ जण पायी चालणारे.

मग जड वाहनांवर अधिक कर बसवावा काय? न्यायाची पहिली हाक तरी 'होय' अशीच आहे. जो इतरांवर अधिक धोका लादतो, त्याने अधिक भार उचलावा. रस्त्याची झीजही हेच सांगते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून असे दिसले की आसावरचे ओझे दुप्पट झाले, तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पटींनी वाढते.

परंतु येथे घाईने निवाडा करणे बरे नव्हे. ट्रक हौसेने जड होत नाही; त्यात आपल्याच घरचा तांदूळ आणि आपल्याच घराचे सिमेंट असते. महाराष्ट्रात जड मालवाहू गाड्यांचा कर पूर्वीपासून वजनानुसारच ठरतो. तो आणखी वाढविला, तर मालक तो भाड्यात घालील, किंवा अधिक माल लादून वसूल करील; आणि झोपेविना गाडी हाकणारा चालक तसाच राहील. २०१८ साली केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. २०१९ च्या कायद्याने जादा माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड ठरविला. ट्रकच्या बाबतीत उणीव आहे ती करापेक्षा वजनकाट्यावरच्या प्रामाणिकपणाची.

खासगी मोटारीची गोष्ट निराळी. तिच्यावरचा कर किंमत आणि इंधन पाहून ठरतो. वजन कोणी विचारीत नाही. येथे मात्र वजन बहुधा गरजेचे नसून निवडीचे असते. पॅरिसच्या नागरिकांनी २०२४ साली मतदान करून जड खासगी मोटारींचे वाहनतळाचे शुल्क तिप्पट करण्यास संमती दिली. कारागीर, टॅक्सीचालक आणि अपंग यांना त्यातून वगळले. गरज आणि निवड यांतला हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो.

तरीही एक शंका उरते. कर भरला म्हणजे धोका निर्माण करण्याचा परवाना मिळाला, असे धनिकाला वाटले तर? निर्गमच्या पुस्तकात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे ठाऊक असूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर होणाऱ्या अनर्थाला मालकच जबाबदार. बैल पाळू नये, असे तेथे म्हटलेले नाही. त्याला बांधावे, एवढीच अपेक्षा आहे. आजच्या करानेही दावणीचे काम केले पाहिजे. त्यातून पदपथ, भुयारी मार्ग, दिवे, सेवारस्ते आणि अपघातग्रस्तांवर तातडीचे उपचार उभे राहिले पाहिजेत. तो पैसा तिजोरीत मुरला आणि सावर्ड्याचे मूल पूर्वीसारखेच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडू लागले, तर तो कर नव्हे, मुलाच्या जिवावर केलेला व्यवहार होय.

ओझे रस्त्यावरून उतरविताही येते. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा अशी, भरलेले ट्रकच आगगाडीवर वाहून नेणारी सेवा सुरू केली. ती गाडी सावर्ड्यावरूनच जाते. अशा वाटेला सवलत देणे हाही करनीतीचाच भाग आहे.

वाचकहो, सरकार काय करील ते करो. आपण मोठी मोटार घेतो तेव्हा 'माझी मुले सुरक्षित राहावीत' हा हेतू निर्मळच असतो. पण ती सुरक्षितता दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्यातून तर आलेली नाही ना, हे विचारण्याचे धैर्य आपल्याला हवे. यापुढे गाडीला आशीर्वाद देताना, तिच्या वाटेत येणाऱ्या अनोळखी पादचाऱ्यासाठीही आम्ही प्रार्थना करणार आहोत. आणि चावी हाती घेणाऱ्याला त्याची आठवण करून देणार आहोत.