अंधारात सोबत लागते

डोंगर एकट्याने चढता येतो. नदी एकट्याने पोहता येते, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला तर सोबत बऱ्याचदा नकोशीच होते. चुनखडकाच्या गुहेत उतरणाऱ्याला ही मुभा नसते. दोर कोण बांधणार, खाली कुणाचा पाय मोडला तर निरोप घेऊन कोण परतणार, ठरल्या वेळी आपण बाहेर आलो नाही तर बचाव पथकाला फोन कोण करणार, ही माणसं आधी ठरतात आणि मगच हेल्मेटवरचा दिवा लागतो. केव्हिंगमधली, म्हणजे गुहा धुंडाळण्याच्या या छंदातली, संगत म्हणजे दिवसाच्या शेवटी होणारी करमणूक, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर त्या संगतीवरच प्रत्येकाचा जीव अवलंबून असतो. कोविडच्या साथीने घाव घातला तो नेमका या संगतीवर, आणि त्याची जखम गुहा पुन्हा उघडल्या म्हणून भरून आली असं मी मानत नाही.

ब्रिटनचं उदाहरण घेतो, कारण हौशी केव्हरांच्या क्लबांची परंपरा तिथे खोल रुजलेली आहे. क्रेव्हन पॉटहोल क्लब १९२९ चा, मेंडिप टेकड्यांवरचा वेसेक्स केव्ह क्लब १९३४ चा, साउथ वेल्स केव्हिंग क्लब १९४६ चा. २३ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली आणि यॉर्कशायर डेल्सपासून दक्षिण वेल्सपर्यंतच्या गुहा ओस पडल्या. यामागे केवळ सरकारी बंदी नव्हती. गुहेत जखमी झालेल्याला हेलिकॉप्टर उचलून नेऊ शकत नाही. त्याला स्ट्रेचरवर बांधून अरुंद फटींतून, पाण्यातून, उभ्या कड्यांवरून हातोहात पुढे सरकवावं लागतं आणि त्यासाठी तास न् तास डझनावारी माणसं एकमेकांना खेटून काम करतात. ही सगळी माणसं स्वयंसेवक, म्हणजे स्वतःही केव्हरच. आपल्या एका रविवारच्या हौसेपायी इतक्या घरांत आजार शिरू शकतो, हा हिशेब प्रत्येकाला कळत होता. म्हणून बहुसंख्यांनी घरी राहणं पत्करलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. संगतीची सवय असलेल्या लोकांनी संगतीसाठीच संगत सोडली.

तिथल्या जुन्या मंडळींनी गुहा बंद झालेल्या पूर्वीही पाहिल्या होत्या. २००१ मध्ये जनावरांत लाळ्या-खुरकूताची साथ पसरली तेव्हा डेल्समधली शेतं आणि पायवाटा महिनोन् महिने बंद होत्या. पण तेव्हा माणसाला माणूस वर्ज्य नव्हता. गुहेत जाता येत नाही म्हणून लोक पबमध्ये जमत, नकाशे पसरत, पुढच्या मोहिमा आखत. २०२० मध्ये २० मार्चला पबही बंद झाले. मेंडिपवरच्या प्रिडी गावातला ‘हंटर्स लॉज इन’ हा केव्हरांचा पिढ्यान् पिढ्यांचा अड्डा आहे. कोणत्या विवरात वारा जाणवला, कुणाच्या खोदकामात वाट मोकळी झाली, ही बातमी आधी तिथे पोचते आणि छापून नंतर येते. असे अड्डे मिटले तेव्हा केव्हरांच्या माहितीचं केंद्रच मिटलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हट. क्लबांच्या मालकीची ही घरं बहुधा डोंगरउतारावरची जुनी शेतघरं किंवा खाणकामगारांच्या चाळी असतात. रेड रोझ क्लबची बुल पॉट फार्म, साउथ वेल्स क्लबची पेन्विल्टची ओळीतली घरं, ही त्यांतली नावाजलेली. आत एक मोठं स्वयंपाकघर, ओले कपडे वाळवायची खोली, आणि झोपायला भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांब फळ्यांचा माचा. गडावरच्या देवळात आपल्याकडची ट्रेकर मंडळी जशा शेजारी शेजारी पथाऱ्या टाकतात, तशीच तिथली झोप. साथीच्या काळात यापेक्षा धोकादायक रचना शोधून सापडली नसती. पण याच रचनेमुळे एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी आणि सत्तरीतला निवृत्त प्लंबर एकाच चुलीपाशी येतात. ती सकाळी कुठे उतरणार आहे हे त्याच्या कानावर पडतं आणि तो सहज सांगतो, काल रात्री पाऊस झालाय, दुसऱ्या टप्प्यावर पाणी वाढलेलं असेल, आज जाऊ नका. हे ज्ञान कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात त्या दिवशी नसतं. ते मागून मिळत नाही, कारण काय मागायचं हेच नवख्याला ठाऊक नसतं. ते शेजारी बसल्यामुळे कानावर पडतं.

अशा गप्पांच्या ओघात किती काही साधतं ते ‘थ्री काउंटीज सिस्टिम’कडे पाहिलं की कळतं. लँकेशायर, कंब्रिया आणि यॉर्कशायर या तीन परगण्यांच्या टेकड्यांखालच्या गुहा एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, ही कल्पना १९६० च्या दशकात मांडली गेली. तो जोड पुरा झाला नोव्हेंबर २०११ मध्ये. आज ती ८० किलोमीटरहून लांब अशी ब्रिटनमधली सर्वांत मोठी गुहामालिका आहे. कल्पना मांडणाऱ्या पिढीचे केस पिकले, मधल्या पिढीने माती-दगड उपसले, आणि शेवटची फट ओलांडणारे वेगळे. कुणा एका संस्थेची ही योजना नव्हती, कुणाला पगार नव्हता. संध्याकाळच्या गप्पांतून चाळीसहून अधिक वर्षं हस्तांतर होत राहिलेलं ते काम आहे.

म्हणूनच साथीने सर्वांत जास्त नुकसान केलं ते विद्यापीठांच्या क्लबांचं, असं माझं मत आहे. तिथली साखळी फार आखूड असते. पदवी तीन वर्षांची. शरद ऋतूत नव्या विद्यार्थ्यांचा मेळा भरतो, टेबल मांडून प्रत्येक क्लब माणसं गोळा करतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं त्या नवख्यांना झाडावर किंवा व्यायामशाळेच्या तुळईवर दोर टांगून चढउतार शिकवतात, हिवाळ्यात त्यांना खाली नेतात. पुढच्या वर्षी तेच नवखे शिक्षक होतात. २०२० च्या शरदात हे मेळे बहुतेक ठिकाणी पडद्यावर भरले. पडद्यावरून कुणी चिखलात पडायला तयार होत नाही. दोर हाताळायला शिकवायचं तर शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या कमरेवरचा हार्नेस स्वतः ओढून तपासायचा असतो, आणि नेमकं तेच वर्ज्य होतं. मोटारीतून चौघांनी एकत्र जाणं टाळायचं होतं, आणि विद्यार्थ्यांकडे मोटार असते ती चौघांत एक. एक वर्ष असं गेलं की पुढच्या वर्षी शिकवायला कोण उरतं? जे उरले त्यांना स्वतःला एकच हिवाळा मिळालेला. शाळांच्या सहली आणि साहस-केंद्रं ही लहान मुलांची वाट. मुक्कामाच्या शालेय सहलींना इंग्लंडमध्ये १७ मे २०२१ पर्यंत परवानगी नव्हती. या दोन्ही दारांतून जी मुलं आत आलीच नाहीत, त्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही.

बंदी उठली ती टप्प्याटप्प्याने. १३ मे २०२० पासून इंग्लंडमध्ये दुसऱ्या घरातल्या एका व्यक्तीला उघड्यावर भेटता येऊ लागलं, १ जूनपासून सहा जणांना. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बागा आणि मैदानं होती. डोक्यावर शंभर मीटर खडक असलेली जागा उघड्यावरची मानायची का, याचं उत्तर केव्हरांनी आपापल्या विवेकाने दिलं. वेल्सचे नियम वेगळे होते. तिथे जुलैच्या सुरुवातीपर्यंत घराजवळच राहायचं होतं, त्यामुळे इंग्लंडमधल्या सभासदांना वेल्समधला स्वतःचाच क्लब सीमेपलीकडे गेला. जंतुनाशकांनी नायलॉनचा दोर कमकुवत होण्याची भीती, म्हणून वापरलेला सामायिक दोर दोन-तीन दिवस बाजूला ठेवूनच पुढच्या गटाला द्यायचा. हटचे दरवाजे बंदच, मग गुहेच्या तोंडाशी भेटायचं आणि चिखल पुसून तिथूनच घरी निघायचं.

आणि इथे एक सवय पडली. घराघरांतून निघालेले दोन-तीन ओळखीचे, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेली वेळ, परतीचा निरोप घरातल्या माणसाला. पूर्वी हे निरोप हटमधल्या फळ्यावर खडूने लिहिलेले असत: कोण, कुठे, किती वाजता बाहेर. तो फळा येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचे. आज कोण कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असे, आणि कुणाला उशीर झाला तर काळजी सगळ्यांनाच लागे. फोनवरचा निरोप सुरक्षेचं काम करतो, पण तो एकालाच कळतो. ज्यांचा आधीच गोतावळा होता ते असे लवकर गुहेत परतले, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त वेळाही गेले. ज्याचं कुणीच ओळखीचं नव्हतं तो मात्र कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरणार? क्लबच्या सूचनाफलकावरची सहल सगळ्यांसाठी असते. खासगी गटाची सहल आमंत्रितांसाठी असते. खेळ चालू राहिला आणि त्याचं दार अरुंद झालं, असं दोन्ही एकाच वेळी घडू शकतं.

पडद्याने जे दिलं तेही नाकारता कामा नये. गुडघे गेलेले, डेल्सपासून दूर राहणारे, लहान बाळं असलेले कितीतरी जण कित्येक वर्षांनी व्याख्यानांना आणि सभांना हजर राहू लागले. रखडलेले नकाशे लोकांनी घरी बसून पुरे केले. व्याख्यान ऐकायला शंभर मैल गाडी हाकायची गरज नाही, हे कळलं ते चांगलंच झालं आणि ते टिकावं. पण व्याख्यान संपल्यावर बटण दाबलं की खोली रिकामी होते. खुर्च्या उचलताना जो प्रश्न विचारला जातो, तो विचारायला जागाच उरत नाही.

जगभरच्या गुहा-अभ्यासकांवर याच काळात एक दुर्दैवी योगायोग ओढवला. २०२१ हे आंतरराष्ट्रीय गुहा आणि कार्स्ट वर्ष म्हणून जाहीर झालेलं होतं. फ्रान्समध्ये त्या वर्षी भरायची आंतरराष्ट्रीय परिषद एक वर्ष पुढे ढकलून २०२२ मध्ये घ्यावी लागली. आपल्या देशातल्या गुहाशोधनालाही साथीची झळ लागली. मेघालयातल्या गुहांचं सर्वेक्षण १९९२ पासून तिथले स्थानिक आणि ब्रिटनसह युरोपातले केव्हर मिळून करत आले आहेत; शिलाँगचे गुहाशोधक आणि परदेशी पाहुणे एका छावणीत राहतात, दिवसा मोजमाप आणि रात्री नकाशा. मार्च २०२० मध्ये परदेशी पर्यटकांचे व्हिसा थांबले ते २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. जयंतिया टेकड्यांतल्या गावात कुणाच्या शेतामागे भोक आहे हे सांगणारा गावकरी आणि ते मोजणारा पाहुणा यांची भेट पडद्यावर होत नसते.

गुहा आणि कोरोना म्हटलं की वटवाघळं आठवतातच, म्हणून त्यांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २००६ पासून ‘व्हाइट-नोज’ या बुरशीच्या रोगाने वटवाघळं लाखोंनी मेली, आणि तेव्हापासून एका गुहेतून दुसरीकडे जाताना कपडे-बूट निर्जंतुक करणं तिथल्या केव्हरांच्या अंगवळणी पडलं. २०२० मध्ये माणसांकडून वटवाघळांना कोरोनाचा संसर्ग होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी वटवाघळांना हाताळण्याचं काम थांबवण्याचा सल्ला दिला. बाकीचं जग वटवाघळाला दोष देत होतं, तेव्हा त्यांच्या घरात पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना आपण काय घेऊन आत जातो याची चिंता होती. केव्हरांबद्दल मला आदर वाटतो त्याचं हे एक कारण.

फ्रान्समध्ये मार्च २०२१ मध्ये पंधरा माणसं एका प्रयोगासाठी लोंब्रीव्ह नावाच्या गुहेत चाळीस दिवस राहिली. घड्याळ नाही, सूर्य नाही, बाहेरची बातमी नाही. वरचं जग संचारबंदीत असताना ही मंडळी खाली एकत्र जेवत होती. २४ एप्रिलला बाहेर आली तेव्हा अनेकांना वाटत होतं की महिनाभरच झालाय. त्याच देशातल्या मिशेल सिफ्रने १९६२ मध्ये स्कारासोंच्या विवरात दोन महिने एकट्याने काढले होते. त्याचा हिशेब तब्बल पंचवीस दिवसांनी चुकला होता. प्रयोग वेगळे, काळ वेगळा, म्हणून यातून सिद्धांत काढू नये. पण लोक एकटेपणाने खंगत होते त्या वर्षी शास्त्रज्ञांना भूगर्भात एकटा माणूस नव्हे तर समूह पाठवावासा वाटला, याचं मला फार महत्त्व वाटतं.

मग ६ नोव्हेंबर २०२१ चा दिवस आला. दक्षिण वेल्समधल्या ओगोव्ह फन्नन दी या खोल गुहेत एक अनुभवी केव्हर पडून गंभीर जखमी झाला. ज्या वाटेने तो आत गेला ती स्ट्रेचरसाठी फारच अरुंद होती, म्हणून त्याला लांबच्या वाटेने डोंगरातून फिरवून वरच्या तोंडाने काढावं लागलं. दोन दिवसांहून जास्त वेळ, पाळ्यापाळ्यांनी, अडीचशेच्या आसपास माणसं राबली. ब्रिटनभरातून पथकं आली. मदतीचा तळ पडला पेन्विल्टला, साउथ वेल्स क्लबच्या त्याच घरांपाशी. तो माणूस वाचला. त्या अडीचशे जणांनी एकमेकांच्या हातात स्ट्रेचर विश्वासाने दिलं, कारण त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं एकाच माच्यावर रात्री काढल्या होत्या. २०२० मध्ये जी ओळख झालीच नाही, तिची उणीव २०३५ मधल्या अशाच एखाद्या रात्री भासेल.

तेव्हा मेघालयात किंवा यॉर्कशायरला कधी गुहेत उतरायचा बेत केलात, तर क्लबबरोबर जा, आणि बाहेर आल्यावर लगेच गाडी काढू नका. रात्रीचा मुक्काम तिथेच करा. भांडी घासायला उभे राहा, आणि शेजारी जो कुणी म्हातारा उभा असेल त्याला उद्याचा बेत सांगा.